पांढरा चौकोन

आमचे अण्णा चादरींचे डिझाइन काढायचे. आज 'डिझायनर' म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं; कारखान्यात त्यांना 'ग्राफवाले' म्हणत. घरी खिडकीजवळच्या टेबलावर बारीक चौकोनांचा कागद ताणून लावलेला असायचा आणि त्यावर मोर हळूहळू उमटत असायचा. एकेक चौकोन रंगवत जायचं. रंगवलेल्या चौकोनाच्या जागी पुढे कार्डाला भोक पडणार, भोक पडलं की जकार्डाचा (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राचा) हूक वर जाणार, हूक वर गेला की ताण्याचं, म्हणजे उभं, सूत उचललं जाणार. एका मोराला आठ-आठ दिवस लागत.

मी दुसरीत असताना एका दुपारी, अण्णा जेवायला उठले होते तेव्हा, मी त्यांना मदत केली. मोराच्या पायाशी बरेच चौकोन पांढरे राहिले होते, ते लाल शाईने भरून टाकले. अण्णा परत आले, बघत राहिले. मारलं नाही. कागद काढून दुसरा लावत म्हणाले, "पांढरा चौकोन रिकामा नसतो गं. तिथं सूत खाली बसायचं असतं. तेपण ठरवूनच सोडलेलं असतं." मग चार दिवस परत तोच मोर.

पुढे मी हिशेबाच्या नोकरीत गेले, ग्राफ सुटला. ते वाक्य परत आठवलं ते पन्नाशी उलटल्यावर, सोलापूर शहराच्या विकास आराखड्याचा एक भाग नकाशा टेबलावर पसरला तेव्हा. आमचे शेजारी निवृत्त भूकरमापक आहेत, सगळी कॉलनी त्यांना सर्व्हेअर काका म्हणते. त्यांच्या घरी चहा प्यायला गेले होते. नकाशावर पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा. मधूनमधून हिरवे तुकडे, त्यांवर क्रमांक आणि 'बगीचा', 'क्रीडांगण' अशी अक्षरं. आणि कितीतरी ठिकाणी नुसता पांढरा कागद. "इथं काय आहे?" मी विचारलं. काका म्हणाले, "काही नाही. मोकळं आहे." मला तिथं नेमकं काय आहे ते माहीत होतं. तिथं कडुनिंबाची नऊ झाडं होती, सकाळी म्हशी बसायच्या, आणि रविवारी तीन टीमच्या मॅचा एकाच वेळी चालायच्या, एका टीमचा फील्डर दुसऱ्या टीमच्या स्टम्पामागे.



सोलापूरला बाग म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो, पाणी चार-पाच दिवसांआड, आणि तुमच्याकडे कसल्या बागा? त्यांना मी आधी होम मैदानावर नेते. तिथं झाडं नाहीत, हिरवळ तर नाहीच. पण या शहरानं शेकडो वर्षं ठरवून सोडलेली ती जागा आहे. संक्रांतीच्या दिवसांत होम तिथं होतो, शोभेची दारू उडते, गड्ड्याची जत्रा भरते, पाळणे लागतात. बाकीचे महिने मैदान पडून असतं. पडून असतं म्हणूनच जानेवारीत गड्डा मावतो. शेजारी भुईकोट किल्ला, त्याला लागून हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलाव. एवढा सगळा पट्टा शहराच्या ऐन पोटात शिल्लक राहिला, तो काही नगररचना खात्यामुळे नव्हे. देशातला नगररचनेचा पहिला कायदा मुंबई प्रांतात आला तो १९१५ साली. तलाव बाराव्या शतकातला आहे.

सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी या परिसरात ६८ लिंगं स्थापन केली. भोगीच्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. लहानपणी मला ती नुसती मिरवणूक वाटायची. आता वाटतं, गावानं आपली हद्द दरवर्षी पायानं मोजून घ्यायची ही पद्धत आहे. कुठलं लिंग कुठं, वाट कुठून, मध्ये कुणी भिंत घातली का, हे वर्षातून एकदा हजारो लोकांच्या डोळ्यांखालून जातं. नकाशा कपाटात ठेवला तर त्याला वाळवी लागते. हा नकाशा दरवर्षी चालला जातो. (श्रद्धेचा भाग वेगळा, मी फक्त मोजणीबद्दल बोलते आहे, भाविकांनी रागावू नये.)

विजापूर रोडचा पट्टा नंतरचा. संभाजी तलाव, ज्याला जुने लोक अजून कंबर तलावच म्हणतात, पुढं स्मृती उद्यान, वनविहार. तलावावर कमळं असायची हे माझ्या पिढीला आठवतं. जलपर्णीही आठवते. तिच्याकडे मला पुढं यायचंच आहे.



भाची इंजिनिअरिंगला आहे. तिला सांगितलं की सोलापुरात हिरवं किती आहे ते मला बघायचंय, तर तिनं लॅपटॉप उघडला. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी वरून जातात आणि त्यांची चित्रंही फुकट मिळतात. झाड लाल उजेड खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. या दोघांच्या फरकावरून कुठल्या ठिपक्यात हिरवं किती ते निघतं. तिनं जानेवारीचं चित्र लावलं. मी खुर्चीत सरसावून बसले. सोलापूर हिरवंगार!

"हे कुठलं गाव गं?"

"आपलंच."

मग तिनं मेचं चित्र लावलं. सगळं करपलेलं. जानेवारीतली हिरवाई शाळू होता. १९९२च्या हद्दवाढीत आजूबाजूची ११ गावं शहरात आली आणि हद्द १७८ चौरस किलोमीटरच्या पुढं गेली. त्यात बरीचशी रानं आहेत. रब्बीची ज्वारी उभी असते तेव्हा उपग्रहाला आमचं शहर उद्यानांचं वाटतं आणि मळणी झाली की तेच शहर उजाड. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण त्या हिरव्यातल्या एका गुंठ्यातही माझी नात उद्या जाऊन खेळू शकणार नाही, ते कुणाचं तरी शेत आहे, आणि पाच वर्षांनी तिथं प्लॉट पडतील.

मेच्या चित्रात मात्र दोन जागा ठळक हिरव्या उरल्या. एक, नाल्याकाठची वेडी बाभूळ. तिला पाणी लागत नाही, माणूस लागत नाही, ती असतेच. दुसरी जागा तलावावर. भाची म्हणाली, "मावशी, तलावात बाग?" ती जलपर्णी होती. उपग्रहाला पान दिसतं; ते पान तलावाचा गळा आवळतंय की सावली देतंय, हे त्याला कळायचं कारण नाही. 'शहराचं हरित आच्छादन अमुक टक्के' असे आकडे वाचले की मी आता आधी विचारते, चित्र कुठल्या महिन्यातलं?

एक गंमत त्या दिवशी सापडली ती मात्र मी अजून लोकांना सांगत सुटते. सेंटिनेलचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मीटरमध्ये केला की १०१ चौरस मीटर आणि वर चिमूटभर. म्हणजे सात-आठशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपल्याकडे बघतो तो गुंठ्यागुंठ्यानंच! अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्याचा ग्राफ आमच्यापेक्षा जाडा आहे."

खरंच जाडा आहे. एका चौकोनात अर्धं झाड आणि अर्धं पत्र्याचं शेड असलं तर तो चौकोन फिकट हिरवा होऊन बसतो. शहरातली जी हिरवाई लोकांच्या कामाची असते, म्हणजे कट्ट्यावरचा पिंपळ, शाळेच्या भिंतीलगतची करंजाची रांग, रिक्षा स्टँडवरचा एकच एक गुलमोहर, ती सगळी या जाळीतून खाली सांडते.



थोडा हिशेब, नोकरीची सवय. केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. २०११च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं. माणशी १० धरले तरी ९५ लाख चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ चौरस किलोमीटर. हद्दीच्या विसाव्या हिश्शाहून थोडं जास्त. ऐकायला फार नाही. पण ही जागा कुणाची तरी असते. इथं मला आत्याची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल.

आत्याचं सासर इथून दोन-अडीच तासांवरच्या एका नगरपालिकेच्या गावात. गावाचं नाव राहू द्या. गावाच्या कडेला तिची ३४ गुंठे जमीन होती, विहिरीवर उंबर, बांधाला दोन चिंचा. आराखडा आला आणि त्या जमिनीवर हिरवा रंग पडला: आरक्षण, बगीचा. आत्याला कुणी विचारायला आलं नाही. हरकती मागवल्याची नोटीस पेपरात आली असणार, पण त्यांच्या घरी पेपर येत नव्हता. आरक्षण पडलं म्हणजे जमीन तुमचीच, सातबारा तुमच्याच नावावर. फक्त बांधता येत नाही, बिगरशेती होत नाही, आणि विकायला काढली की घेणारा 'रिझर्वेशन आहे' म्हणून निम्म्याच्याही खाली मागतो. आत्याचे यजमान गेले. मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात. बाग काही झाली नाही. त्या गावच्या माणसांना बाग मिळाली नाही आणि आत्याला पैसे मिळाले नाहीत. नकाशा मात्र हिरवागार.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातल्या १२७व्या कलमाप्रमाणे आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर आता २४ महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात संपादनाची खरी पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. व्यपगत! शब्द असा की आजीला वाटावं कुणी देवाघरी गेलं. मध्ये नगरपालिकेनं आत्याला टीडीआर देऊ केला होता. जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्राचा, म्हणजे जादा बांधकामाचा, हक्क, जो एखाद्या बिल्डरला विकायचा. मुंबई-पुण्यात त्याला बाजार आहे. त्या गावात चार मजल्यांची इमारत बघायला लोक थांबायचे, तिथं तो कोण घेणार? आत्या म्हणाली, "कागद घेऊन काय करू, पुरणात घालू?"

ती खरेदी सूचना मी टाइप केली.

होय, मीच. झाडं वाचवा म्हणून सह्या गोळा करणारी, वटपौर्णिमेला फांद्या तोडून आणणाऱ्या बायकांशी भांडणारी मी. आत्याच्या ओसरीवर बसून, गट नंबर, आराखडा मंजुरीची तारीख, क्षेत्र, सगळं नीट तपासून. टपालाची पावती तिनं देवघरात ठेवली. २४ महिने झाले. आरक्षण गेलं. जमीन विकली, प्लॉट पडले. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, एक मंगल कार्यालय आहे आणि उंबराच्या जागी बोअर. आत्या शेवटची चार वर्षं मुलानं घेतलेल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिली आणि बाल्कनीत तिनं मरेपर्यंत तुळस, गवती चहा आणि एका डब्यात उंबराचं रोप सांभाळलं. मला पश्चात्ताप होतो का? मी अजून ठरवू शकलेले नाही. आत्याचं म्हातारपण आणि गावची बाग यांत मी आत्या निवडली, परत वेळ आली तर परत तेच करीन, आणि परत त्या गावातून जाताना खिडकीतून बाहेर बघणार नाही.

यात माझा राग ज्याच्यावर आहे तो हिरव्या पेन्सिलीचा तुकडा. रेघ ओढताना काहीच खर्च पडत नाही. रेघेची किंमत कोण देणार, कधी देणार, अंदाजपत्रकात कुठल्या पानावर, याचं उत्तर नसलं तर ती रेघ त्या जमिनीभोवती शत्रू उभे करते. आपल्याच जिल्ह्यात हे मोठ्या मापात झालंय. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, ८४९६ चौरस किलोमीटरचं. नान्नजचा माळ त्यात होता हे बरोबरच; पण गावंच्या गावं, रस्ते, उसाची रानं, सगळंच त्यात होतं. विहिरीची, घराची, खरेदीखताची कामं अडू लागली आणि पक्षी बघितलेलाही नाही असा माणूस माळढोकाला शिव्या देऊ लागला. पुढं हद्द कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. सरसकट हिरवं रंगवणं सोपं. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा, त्यालाच ग्राफवाला लागतो.

नान्नजचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. माळरानाला आपल्या दप्तरात शब्द आहे 'पडीक'. गवत, काटेरी झुडपं, लांडगा, चंडोल, धाविक, एवढी वस्ती असून पडीक! मग पडीक जमिनीचा विकास म्हणून तिथं ग्लिरिसिडियाची झाडं लावायची. माळढोकाला मोकळं, दूरवर दिसणारं रान लागतं; आपण त्याच्या घरात सावली केली. शहरातही हेच होतं. मैदानावर 'वृक्षारोपण' करायला येणारे लोक पीचच्या मधोमध खड्डे घेतात.



आता आमच्या कॉलनीचं. हद्दवाढ भागातली, जुळे सोलापूरकडची. इथं कुठलंही मोठं आरक्षण नाही, फक्त 'ओपन स्पेस' आहे. मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. आमच्या मंजूर लेआउटवर ती साडेएकवीस गुंठे आहे. उपग्रहाचे जेमतेम बावीस चौकोन. त्या चहाच्या दिवशी भाग नकाशावर पांढरी दिसली ती हीच जागा.

सर्व्हेअर काकांना मी विचारलं, "ही आता कुणाच्या मालकीची?" ते म्हणाले, "सगळ्यांच्या." मग स्वतःच थांबले, कारण आयुष्यभर सातबारे बघितलेल्या माणसाला 'सगळ्यांच्या' असा खातेदार कधी भेटलेला नाही. उतारा काढला. मूळ मालकाचं नाव जसंच्या तसं. तो मालक कधीच वारला होता आणि त्याच्या वारसांना बहुधा माहीतही नव्हतं की आपल्या नावावर सोलापुरात एक मैदान आहे. आज माहीत नाही. उद्या एखादा चलाख दलाल त्यांना शोधून काढेल, फारशी चौकशी न करणारं गिऱ्हाईक गाठेल, आणि आपण कोर्टात 'पण इथं मुलं खेळायची' असं सांगत बसू. हे असं होतं. ठिकठिकाणी झालंय. लेआउट मंजूर होतो, प्लॉट विकले जातात, रस्ते आणि मोकळी जागा ताब्यात देण्याचा कागद आणि त्याचा फेरफार मागं राहून जातो. झाडाला पाणी घालण्याइतकंच हे काम जिवंत राहायला लागतं, पण त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही मोजायला उतरलो. पाणी यायचा दिवस नव्हता, म्हणून माणसं मिळाली. काका, भाची, मी, दोन शाळकरी पोरं आणि पन्नास मीटरचा टेप. भाचीनं आधी मोबाइलवर चालून हद्द काढली होती. मोबाइलला चार-पाच मीटरची चूक सहज होते आणि अतिक्रमण नेमकं तेवढ्याच मापाचं असतं! काकांनी खांबापासून खांबापर्यंत टेप धरायला लावला, कर्ण घेतले, वहीत त्रिकोण मांडले. "चौकोन फसवतो, त्रिकोण फसवत नाही," हे त्यांचं ब्रीद. दुपारी बेरीज झाली. एकोणीस गुंठे आणि काही आणे. (गुंठ्याचे सोळा आणे, हे भाचीला पहिल्यांदाच कळलं.)

अडीच गुंठे कुठं गेले? काही लांबचं नव्हतं. एका बाजूला चार बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती प्रत्येकी चार-पाच फूट पुढं आलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात आम्हीच वर्गणी काढून बांधलेलं देऊळ आणि त्याच्या पुढची फरशी. बोअरची खोली. कायमच्या लावून ठेवलेल्या दोन टेम्पोंची जागा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पूर्वेच्या कोपऱ्यातला तीन फुटी ओटा, ज्यावर आमच्या बायकांचं मंडळ संक्रांतीचं हळदीकुंकू करतं, ज्याचा खर्च मी लिहिला, ज्याच्या पावत्या माझ्याच अक्षरात आहेत. बिल्डरांच्या नावानं बोटं मोडायला आम्ही तयारीतच होतो. अडीच गुंठ्यांत एकही बिल्डर सापडला नाही.

झाडंही मोजली. एकेचाळीस. १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हायची असते, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. झाड तोडायची परवानगी दिलीच, तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे वय ठरवणं हा आता पैशाचा प्रश्न. आमच्या कोपऱ्यातल्या चिंचेचं वय किती? समोरच्या घरातल्या आजी म्हणाल्या, आम्ही रान नांगरायचो तेव्हाची. काका म्हणाले, आजींचं म्हणणं लेखी घेऊ. घेतलं. अंगठा नाही, सही केली आजींनी, वळणदार, कानडी लिपीत.

हे सगळं कशासाठी? तर नगररचना कायद्यात एक साधी पायरी आहे. आराखडा करण्याआधी जमिनीवर आज काय आहे याचा नकाशा करावा लागतो, विद्यमान जमीन वापराचा. त्या दिवशी त्या नकाशावर आमच्या जागेपुढं कुठला शब्द पडेल, 'मोकळी जमीन' की 'क्रीडांगण', यावर पुढची वीस वर्षं लटकलेली असतात. कारण आराखडा साधारण वीस वर्षांनीच नव्यानं बघितला जातो. मग प्रारूप प्रसिद्ध होतं, ३० दिवस हरकती-सूचना, सुनावणी. मधल्या काळातही बदल होतात, कलम ३७ खाली, आणि त्याची जाहीर नोटीस पेपरात येते, जिच्याकडे लोक निधनवार्तांइतकंही लक्ष देत नाहीत. आमच्या घरी पेपर येतो. मी आता ते पान आधी वाचते.

बंगळूरला एका वसाहतीत बागेसाठी ठेवलेली जागा खासगी इस्पितळाला दिली गेली होती. रहिवासी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ साली न्यायालयानं ती जागा बागेचीच म्हणून राखली. इस्पितळ चांगलंच असतं, पण बागेच्या जागेवर नाही. हा निकाल मला फार आवडतो, कारण त्यात बाजू घेणाऱ्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट होती: ही जागा आराखड्यात बाग म्हणून लिहिलेली आहे. लिहिलेली होती म्हणून भांडता आलं.

माझी स्वतःची पहिली सूचना मी अशी लिहिली होती: 'सायंकाळच्या सोनेरी उन्हात जिथे कडुनिंबाच्या सावल्या लांबतात...' काकांनी चष्मा वर केला. "ताई, छान आहे. पण सर्व्हे नंबर कुठाय?" दुसरा मसुदा पाऊण पानाचा झाला. सर्व्हे नंबर, लेआउट मंजुरीचा क्रमांक, मंजूर क्षेत्र, मोजलेलं क्षेत्र, झाडांची यादी, आठ फोटो, चतुःसीमा. ओट्याचा उल्लेख करायचा की नाही यावर मंडळात मोठं भांडण झालं. शेवटी केला. दोघीजणी अजून माझ्याशी बोलत नाहीत. हळदीकुंकवाचं आमंत्रण या वर्षी पोरांच्या हाती आलं.



भाचीनं नकाशा स्वच्छ काढून दिला. ए-थ्री कागद, प्रत्येक झाडाला हिरवा ठिपका, देऊळ, बोअर, टेम्पो, भिंती लाल रेघेत. मी तो अण्णांना दाखवायला नेला. त्यांचं वय आता ८४, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, पण सूत मोजायची ती पितळी काच अजून उशाशी असते. त्यांनी कागद खिडकीकडे धरला, काच लावली आणि एका टोकापासून सुरुवात केली. मला माहीत होतं, आता मध्ये बोलायचं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांचं बोट मधोमध येऊन थांबलं.

"हे का सोडलंय?"

"तिथं झाड नाही, अण्णा."

"झाड नाही. मग काय आहे?"

"काही नाही. पोरं खेळतात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग उशीखालून पेन्सिल काढली, टोक बघितलं, आणि त्या पांढऱ्या तुकड्यात, थरथरत्या पण अजूनही एका मापाच्या अक्षरात लिहिलं: 'पीच. बावीस यार्ड. मोजून घ्यावे.'

रविवारी आम्ही मोजलं. वीस भरलं. पोरांनी एका बाजूच्या विटा उचलल्या आणि टेम्पोवाल्याच्या दाराशी गेली.